लोकलमध्ये उभं राहून कंबर धरते? घरी आल्यावर हे करा
ठाणे ते सीएसएमटी स्लो लोकलने तासभर लागतो, उभं राहून आलं की कंबर पार आखडते. घरी आल्यावर लगेच सोफ्यावर पडू नका, चटई टाका आणि आधी मार्जारासन करा, म्हणजे हात-गुडघ्यांवर येऊन श्वास घेताना पाठ खाली, सोडताना वर गोल, सावकाश 8-10 वेळा, यातच बरंच मोकळं वाटतं खरंच. मग भुजंगासन, म्हणजे पोटावर झोपून छाती वर उचलायची, पण हाताने जोर लावून उठायचं नाही, पाठीच्या ताकदीने जेवढं जमेल तेवढंच, बेंबी जमिनीलाच. शेवटी 5 मिनिटं मकरासन, म्हणजे पोटावरच झोपून दुमडलेल्या हातांवर डोकं टेकवून अंग सैल सोडायचं. जेवण झालं असेल तर 3 तास तरी थांबा. आणि स्लिप डिस्क असेल किंवा पायात मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा प्लीज.