कॅसँड्राचे राइट्स एका आकड्यावर अडकलेत? सेटिंग्ज बदलण्याआधी हे तपासा

“तीन नोडचा क्लस्टर आहे, ५० थ्रेड लावलेत, पण सेकंदाला २५ हजार राइट्सच्या वर काही जातच नाही.” अनेक मशिनवर (नोडवर) पसरलेल्या कॅसँड्रा डेटाबेसबद्दल टीममधल्या कुणाचा असा मेसेज आला की मी आधी कॉन्फिगची फाइल बंद करायला सांगतो. ती उघडी असणार हे मला माहीत असतं. ‘कॉन्करंट राइट्स’ ३२ चे १२८ करून झालेले असतात, हीप (जावाला दिलेली मेमरी) वाढवून झालेली असते आणि आकडा जागचा हललेला नसतो. पुण्यात परफॉर्मन्स टेस्टिंग हेच माझं रोजचं काम आहे, आणि त्यावरून ठामपणे सांगतो: कुठे अडलंय ते कळेपर्यंत एकाही सेटिंगला हात लावू नका.

सुरुवात भागाकाराने करा. एका वेळी चालू असलेल्या रिक्वेस्टना एका रिक्वेस्टला लागणाऱ्या वेळाने भागलं की थ्रूपुट, म्हणजे सेकंदाला पूर्ण होणाऱ्या रिक्वेस्टचा आकडा, मिळतो. हा लिटलचा नियम. जॉन लिटल यांनी त्याची सिद्धता १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. ५० थ्रेड आणि प्रत्येक राइटला २ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला बरोबर २५ हजार. वरच्या मेसेजमधला क्लस्टर अडकलेलाच नाही, त्याच्याकडे यापेक्षा जास्त काम कुणी मागितलेलंच नाही. आता थ्रेड दुप्पट करत जा: १००, २००, ४००. लेटन्सी (एका रिक्वेस्टला लागणारा वेळ) तेवढीच राहून थ्रूपुट वाढत असेल तर अजून जागा आहे. थ्रूपुट थांबला आणि लेटन्सी दुप्पट व्हायला लागली की कुठेतरी काहीतरी भरलं. त्या वळणाच्या जरा अलीकडे-पलीकडेच पुढचा सगळा तपास करायचा. कॅसँड्रासोबत येणाऱ्या कॅसँड्रा-स्ट्रेस या टेस्टच्या टूलला थ्रेडचा आकडा दिला नाही तर ते स्वतःच थ्रेड वाढवत जातं आणि सुधारणा थांबली की थांबतं. पहिल्या अंदाजाला ते ठीक आहे. तपासाच्या वेळी मात्र आकडा आपणच द्यावा.

जे भरलं ते डेटाबेसमध्येच असेल असं मात्र धरू नका. क्लायंटच्या मशिनवर ‘एमपीस्टॅट’ लावून प्रत्येक कोअर वेगळा बघा, कारण सरासरी ३० टक्के दिसत असतानाही एखादा कोअर १०० वर बसलेला असतो. स्ट्रेस टूल जावामध्ये आहे, त्यामुळे त्याचाही गार्बेज कलेक्शनचा (नको असलेली मेमरी मोकळी करण्याचा) वेळ मोजा. आणि पक्कं उत्तर हवं असेल तर दुसरं क्लायंट मशीन आणून दोन्हीकडून एकदम टेस्ट चालवा. बेरीज वाढली तर क्लायंटच कमी पडत होता. बेरीज तेवढीच राहून दोघांना निम्मं-निम्मं मिळालं तर दोष क्लस्टरकडे. या एका प्रयोगाने जेवढं कळतं तेवढं तासभर ग्राफ बघूनही कळत नाही. डेटाबेसच्याच नोडवर स्ट्रेस चालवू नका, दोघं एकाच सीपीयूसाठी भांडतात. क्लस्टर मुंबई रीजनमध्ये आणि स्ट्रेस तुमच्या लॅपटॉपवर व्हीपीएनमधून, हेही नको. तिथे तुम्ही रस्ता मोजत असता.

क्लस्टरकडे वळताना मोजताय काय, हे एकदा तपासा. स्ट्रेस टूल स्वतः जो कीस्पेस (टेबलांचा गट) तयार करतं त्याचा रेप्लिकेशन फॅक्टर, म्हणजे डेटाच्या प्रतींची संख्या, १ असतो. प्रॉडक्शनमध्ये ३ असतो. म्हणजे तिथे प्रत्येक राइट तीन ठिकाणी होतो आणि तीन नोडच्या क्लस्टरमध्ये प्रत्येक नोड प्रत्येक राइट उचलतो. चौथा नोड आणला की प्रत्येकावरचा भार ७५ टक्क्यांवर येतो, म्हणजे आदर्श परिस्थितीतही थ्रूपुट एक तृतीयांशच वाढेल. “नोड वाढवला तरी फरक नाही” म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशेब करावा. कन्सिस्टन्सी लेव्हल ‘वन’ केल्याने काम कमी होतं हाही गैरसमज आहे. राइट तिन्ही रेप्लिकांना (प्रत ठेवणाऱ्या नोडना) जातोच. कोऑर्डिनेटर (क्लायंटची रिक्वेस्ट घेणारा नोड) फक्त किती जणांच्या होकारासाठी थांबतो, एवढंच बदलतं.

मग भार सारखा वाटला जातोय का ते बघा. सगळ्या नोडवर एकाच वेळी डिस्कसाठी ‘आयोस्टॅट’ आणि सीपीयूसाठी ‘टॉप’ लावा. तीन नोड तापलेत आणि बाकीचे थंड, असं दिसलं की पार्टिशन की, म्हणजे डेटा कोणत्या नोडवर जाणार हे ठरवणारा कॉलम, तपासा. तारीख हीच पार्टिशन की असेल तर आजचा सगळा डेटा त्या तारखेच्या तीन रेप्लिकांवरच जाणार, क्लस्टर तीसचा केला तरी. तारखेला डिव्हाइस आयडी किंवा बकेटचा क्रमांक जोडा. हा त्रास एकट्या कॅसँड्राचा नाही. एचबेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये आधी स्प्लिट न केलेलं नवं टेबल एकाच रीजनमध्ये (तिथे टेबलाच्या तुकड्याला रीजन म्हणतात) असतं, आणि कॉक्रोचडीबी या डेटाबेसमध्ये चढत्या क्रमाची प्रायमरी की असेल तर सगळे राइट्स शेवटच्या रेंजवर, म्हणजे शेवटच्या तुकड्यावर, जाऊन आदळतात.

आता डिस्क. इथे मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण चुकीचे निष्कर्ष इथेच निघतात. कॅसँड्रा राइट आला की कमिट लॉगमध्ये (राइट्सची नोंदवही असलेल्या फाइलमध्ये) जोडते, मेमटेबलमध्ये (मेमरीतल्या टेबलात) ठेवते आणि होकार देते. कमिट लॉगचा सिंक डीफॉल्टने ‘पिरिऑडिक’ असतो, दर १० सेकंदांनी. म्हणजे डेटा डिस्कवर पक्का होण्याआधीच तुमच्या क्लायंटला “झालं” असं उत्तर मिळतं. पहिल्या काही मिनिटांत तुम्ही जे मोजता ती मेमरी असते. खरं बिल नंतर येतं: मेमटेबल फ्लश होतात, म्हणजे डिस्कवर लिहिले जातात, त्यातून झालेल्या फाइल (एसएसटेबल) साठतात, आणि त्या एकत्र करण्याचं काम, म्हणजे कॉम्पॅक्शन, सुरू होतं.

त्या बिलाचा हिशेब एकदा कागदावर करा. एक राइट १ केबीचा धरा. कमिट लॉगमध्ये एकदा, फ्लशमध्ये एकदा, कॉम्पॅक्शनमध्ये समजा दोनदा वाचला आणि दोनदा लिहिला. कॉम्प्रेशन सोडून दिलं तर एका राइटमागे डिस्कवर ६ केबीची ये-जा. ॲमेझॉनच्या क्लाउडमधल्या जीपी३ व्हॉल्यूमला (डिस्कला) मूळ थ्रूपुट सेकंदाला १२५ एमबी मिळतो. त्याला ६ ने भागलं की नोडमागे सेकंदाला साधारण २० हजार राइट्स. तीन नोड आणि फॅक्टर ३, म्हणजे सबंध क्लस्टरचाही टिकाऊ आकडा तेवढाच. सुरुवातीला ६० हजार दिसत असतील तर ते टिकणार नाहीत, हे टेस्ट चालवण्याआधीच कळतं.

त्याआधीच्या जीपी२ जातीची डिस्क असेल तर आणखी जपा. १०० जीबीच्या जीपी२ ला मूळ आयऑप्स (सेकंदाला डिस्कवरची वाचन-लेखनं) ३०० मिळतात, पण क्रेडिट असेपर्यंत ३००० पर्यंत जाता येतं. बादलीत ५४ लाख क्रेडिट असतात. पूर्ण वेगाने वापरली तर ती २००० सेकंदांत संपतात, म्हणजे सुमारे ३३ मिनिटांत. वीस मिनिटांची टेस्ट सुरेख दिसते आणि तोच क्लस्टर चाळिसाव्या मिनिटाला कोसळतो. टी३ जातीच्या मशिनवर सीपीयूचेही असेच क्रेडिट असतात, म्हणून बेंचमार्कसाठी ती वापरू नयेत. ‘आयोस्टॅट’मध्ये एसएसडीवर नुसत्या ‘यूटिल’कडे बघून घाबरू नका, समांतर काम करणाऱ्या डिस्कवर १०० टक्के म्हणजे भरली असं नाही. राइटला लागणारा वेळ आणि रांगेची लांबी बघा, ती दोन्ही चढत असतील तर डिस्कच.

टेस्ट चालू असताना दुसऱ्या खिडकीत कॅसँड्राच्या नोडटूलची ‘नोडटूल कॉम्पॅक्शनस्टॅट्स’ ही कमांड ठेवा. पेंडिंग कामं एका पातळीला येऊन स्थिरावली पाहिजेत. ती वाढतच चालली असतील तर दिसणारा थ्रूपुट उधारीचा आहे. कॉम्पॅक्शनची मर्यादा ४.० च्या आधी सेकंदाला १६ एमबी होती, नंतर ६४ झाली. जुनी कॉन्फिग फाइल तशीच नव्या व्हर्जनवर आणली असेल तर १६ कायम राहतात. आधी हे बघा.

‘नोडटूल टीपीस्टॅट्स’, म्हणजे आतल्या कामांच्या रांगा दाखवणारी कमांड, प्रत्येक नोडवर, टेस्टच्या आधी आणि नंतर. म्युटेशन स्टेजचं (राइट्स करणाऱ्या टप्प्याचं) पेंडिंग एका नोडवर सतत मोठं दिसत असेल तर तो नोड मागे पडतोय. मेमटेबल फ्लश रायटरचे ब्लॉक्ड वाढत असतील तर डिस्क फ्लशला पुरत नाही. आणि खाली ड्रॉप्ड म्युटेशन्स. रेप्लिकाकडे रांगेत २ सेकंदांपेक्षा जास्त रखडलेला राइट टाकून दिला जातो, आणि ‘वन’ लेव्हलला क्लायंटला याचा पत्ताही लागत नाही, त्याच्या दृष्टीने राइट यशस्वी. हा आकडा वाढलेला असेल तर मी ती टेस्ट रद्द धरतो, थ्रूपुट कितीही चांगला असो. डेटाबेसने जे लिहिलंच नाही ते मोजायचं नसतं. सोबत लॉगमध्ये ‘जीसी इन्स्पेक्टर’च्या (गार्बेज कलेक्शनच्या) ओळी शोधा, लांबलचक पॉज आणि ड्रॉप्ड यांच्या वेळा जुळतात का बघा.

अडथळा सापडला की एकच गोष्ट बदला, तीच टेस्ट परत चालवा. मग शेवटची टेस्ट ठरावीक वेगाने, सापडलेल्या कमाल आकड्याच्या साधारण ७० टक्क्यांवर, स्ट्रेसच्या ‘फिक्स्ड’ पर्यायाने. थ्रेड मोकळे सोडले तर डेटाबेस दोन सेकंद थांबल्यावर क्लायंटही थांबतो आणि त्या काळात पाठवायच्या रिक्वेस्ट मोजल्याच जात नाहीत. दळणाच्या गिरणीत वीज गेल्यावर दार लावून घ्यायचं आणि मग बाहेर रांग नव्हती म्हणायचं, तसं ते होतं. परफॉर्मन्स तज्ज्ञ गिल टेने यांनी याला ‘कोऑर्डिनेटेड ओमिशन’ हे नाव दिलं. ‘फिक्स्ड’मध्ये राइट ज्या क्षणी जायला हवा होता तिथपासून वेळ मोजला जातो, आणि त्यातला ९९वा पर्सेंटाइल, म्हणजे १०० पैकी ९९ राइट्स ज्या वेळेच्या आत होतात तो आकडा, मला खरा वाटतो.

दोन टेस्टच्या मध्ये टेबल ट्रंकेट (रिकामं) करत असाल तर एक लक्षात ठेवा. ‘ऑटो स्नॅपशॉट’ डीफॉल्टने चालू असतो, त्यामुळे ट्रंकेट केलेला डेटा स्नॅपशॉट म्हणून डिस्कवरच राहतो. चार-पाच मोठ्या टेस्टनंतर डिस्क काठोकाठ भरते आणि पुढचा अर्धा दिवस आपण भलत्याच बॉटलनेकच्या मागे धावतो. प्रत्येक ट्रंकेटनंतर सगळ्या नोडवर ‘नोडटूल क्लिअरस्नॅपशॉट’ चालवा, ४.० पासून त्याला ‘ऑल’चा पर्याय द्यावा लागतो.