वाळवंटी गुलबक्षी लावताय? या चुका टाळा

न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला आमच्या अंगणात हिरवळ नाही. खडी आहे आणि वाळवंटातली झाडं आहेत. त्यातलं माझं सर्वांत लाडकं म्हणजे डेझर्ट फोर ओ'क्लॉक, शास्त्रीय नाव मिराबिलिस मल्टीफ्लोरा. आपल्या गुलबक्षीच्याच कुळातली ही, म्हणून मी हिला वाळवंटी गुलबक्षी म्हणते. फुलांचा रंगही अस्सल गुलबक्षी. दुपार कलली की उमलतात, रात्रभर उघडी राहतात, सकाळी ऊन चढलं की मिटतात. उंची जेमतेम गुडघ्यापर्यंत, पसारा मात्र पाच-सहा फुटांचा. संध्याकाळी चहाला आलेली मंडळी ती बघून हरखतात, रोप घेऊन जातात आणि ऑगस्टमध्ये फोन येतो, "ताई, ते गेलं हो."

मी पहिला प्रश्न विचारते, "पाणी किती घालत होतात?" उत्तर ठरलेलं असतं. रोज.

माझं पहिलं रोपही असंच गेलं. आईच्या हाताखाली शिकले होते तसाच खड्डा घेतला, त्यात दोन पाट्या कंपोस्ट घातलं, छान आळं केलं आणि रोज संध्याकाळी बादलीभर पाणी. महिनाभर रोप तरारलं. मग जुलैत पानं पिवळी पडून लोंबायला लागली. मला वाटलं, ऊन सोसत नाहीये, म्हणून सकाळीही पाणी सुरू केलं. दहा दिवसांत फांद्या बुडापासून सुटून हातात आल्या. उकरून पाहिलं तर मुळी वरून धड दिसत होती, पण अंगठ्याने दाबली आणि साल सरकली. आत तपकिरी लगदा, आंबूस वास. तो वास अजून नाकात आहे.

हिची मुळी रताळ्यासारखी फुगलेली असते. पाण्याची साठवण तीच करते. इथे वर्षाला साधारण सव्वादोनशे मिलिमीटर पाऊस पडतो, सोलापूरच्या निम्म्याहूनही कमी, आणि तेवढ्यावर ही जगते. तिला सतत ओल दिली की मुळी कुजणारच. आता मी पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा खोलवर पाणी देते, दुसऱ्या वर्षी पंधरा दिवसांनी. त्यानंतर पाऊस अगदीच दडी मारून बसला तर महिन्यातून एकदा. कंपोस्ट अजिबात नाही, आळं नाही. बुडाशी पालापाचोळ्याऐवजी बारीक खडी.

दुपारी तीनला पानं मलूल दिसली म्हणून पाइप उचलू नका. सकाळी सातला बघा. तेव्हा ताठ असतील तर झाडाला काहीही झालेलं नाही. सकाळीही मलूल आणि माती बोटभर खोल ओली, तर पाणी ताबडतोब बंद.

लावण्याआधी खड्डा पाण्याने भरून ठेवा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर खाली कॅलिची आहे, म्हणजे चुन्याचा दगडासारखा थर. पहारीने तो फोडा, नाहीतर जागा बदला. वरून वाळू टाकून भागवणं हा आळस आहे.

दुसरी चूक हिवाळ्यातली, आणि तिचं मला जास्त वाईट वाटतं. हे शहर महाबळेश्वराहून उंचावर आहे, थंडीत पारा शून्याखाली जातो. वाळवंटी गुलबक्षी तेव्हा जमिनीवरून पूर्ण नाहीशी होते. उरतात त्या वाळक्या काड्या. एका मार्चमध्ये बागेची साफसफाई करायला माणूस बोलावला होता. मी घरात होते. बाहेर येऊन बघते तर पाच वर्षांची, मनगटाहून जाड मुळी कुदळीने दोन तुकडे होऊन कचऱ्याच्या पिशवीत. त्याला ती मेलेली वाटली. तेव्हापासून प्रत्येक झाडाशेजारी लोखंडी सळई रोवलेली असते आणि मे उजाडेपर्यंत मी तिथली माती हलवू देत नाही. कोंब उशिराच येतात. एप्रिलमध्ये "उकरून बघू का?" असं विचारणाऱ्यांना माझं एकच उत्तर, नाही.

मोठं झाड उपटून दुसरीकडे लावू नका, मुळी तुटते. खत घालू नका. दोन रोपांत पाच फूट सोडा, जागा रिकामी दिसली तरी. बी टणक असतं, मी ते सॅंडपेपरवर हलकं घासून रात्रभर भिजत घालते. पहिल्या वर्षी फुलांची वाट बघत बसू नका. ते वर्ष मुळीचं असतं. ज्यांना सहा आठवड्यांत फुलं हवीत त्यांनी झेंडू लावावा.

आणि कृपा करून फवारणी करू नका. पानांवर शेपटीला शिंग असलेली मोठी अळी दिसली की लोक औषधाची बाटली आणतात. त्याच अळीचा पुढे पट्टेदार हॉक पतंग होतो. अंधार पडताना तो या फुलांवर येतो, न बसता एका जागी फडफडत राहतो आणि लांब सोंड थेट फुलाच्या नळीत घालतो. परागीभवनाचं मोठं काम असे पतंगच करतात. अळ्या फारच झाल्या तर मी हाताने उचलून कुंपणाकडच्या रानवट झाडांवर सोडते. खाल्लेली पानं पावसाळी सरी आल्या की पंधरा दिवसांत भरून येतात.