बायपासच्या वेळी शुगर सांभाळताना या चुका टाळा

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी खानापूरकडच्या एका काकांच्या खिशातून गोळ्यांचं अर्धं पाकीट निघालं. डापाग्लिफ्लोझिन. फाईलवर तर लिहिलं होतं, शुगरच्या गोळ्या बंद. "ही शुगरची न्हवं बाई, हार्टची हाय. सकाळीच घेतलो की," काका म्हणाले. त्यांचंही खरंच होतं, ही गोळी हृदयासाठीही देतात. ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं.

मी हार्ट-लंग मशीन (ऑपरेशन चालू असताना हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं यंत्र) चालवते, आणि मला सर्वांत जास्त भीती याच चुकीची वाटते. 'फ्लोझिन'ने संपणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारून किमान 3 दिवस आधी थांबवायच्या, एर्टुग्लिफ्लोझिन 4 दिवस. नाहीतर उपाशी शरीरात किटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढून रक्त आम्लधर्मी होतं, आणि शुगर फारशी चढलेली नसल्यामुळे पटकन लक्षातही येत नाही.

याच्या उलट चूक म्हणजे 'उद्या उपास' म्हणून रात्रीचं इन्सुलिन परस्पर चुकवणं. डोस किती कमी करायचा ते डॉक्टरच सांगतील.

"आमच्या आईला शुगर नव्हती, मग इन्सुलिन का लावलं?" हा प्रश्न नेहमीचा. मशीनवर असताना ताणाची हार्मोन्स उसळतात, थंड केलेल्या शरीरात स्वादुपिंड मंदावतं, असलेलं इन्सुलिनही नीट लागू पडत नाही. मधुमेह नसला तरी शुगर चढते, शरीर परत गरम करताना तर जास्तच. ती साधारण 180 (मिग्रॅ/डेसिलिटर) च्या आत ठेवतात, कारण चढलेल्या शुगरने छातीची जखम चिघळू शकते. पण "100 वर आणा" असा हट्ट नको. 2001 च्या बेल्जियममधल्या ल्युवेनच्या अभ्यासानंतर 80 ते 110 चा आग्रह वाढला होता. 2009 मध्ये सहा हजारांवर आयसीयू रुग्णांच्या नाइस-शुगर अभ्यासात इतक्या कडक नियंत्रणाने मृत्यू वाढलेले दिसले. शिवाय शुगर फार उतरली तरी भूल दिलेला माणूस 'घेरी येतेय' म्हणू शकत नाही.

नव्या सहकाऱ्यांनो, मशीनवर बोटाच्या ग्लुकोमीटरवर विसंबू नका. मशीनमधलं द्रव मिसळून रक्त पातळ झालेलं असतं, पट्टी जास्त आकडा दाखवते, आणि त्यावर दिलेलं इन्सुलिन जादा होतं. धमनीतलं रक्त एबीजी मशीनवर (रक्तातले वायू तपासणारं यंत्र) तपासा, पोटॅशियमसुद्धा बघा. इन्सुलिनने ते उतरतं.

निपाणी-चिकोडीकडची माणसं एक डॉक्टर कोल्हापूर-मिरजेला आणि दुसरा बेळगावला दाखवतात, एकच औषध दोन नावांनी चालू असतं. भरती होताना सगळ्या गोळ्यांची पिशवीच आणा, रिकाम्या पाकिटांसकट.