तहानलेली हिरवळ काढायची कशी? इंदूरच्या बगीच्यांसाठी

राजेंद्र नगर असो की सुदामा नगर, वसाहतीच्या बैठकीत पाणी वाचवायला हिरवळ काढायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "अहो, हिरवळच काढली तर बगीचा राहिला कुठे?" प्रश्न रास्त आहे. म्हणूनच सगळी हिरवळ काढायची नाही. जिच्यावर कुणी बसत नाही, खेळत नाही, नुसतं गवत कापायचं मशीन फिरतं, तेवढीच काढायची. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने 2021 मध्ये यासाठी कायदाच केला. लास वेगासच्या परिसरात रस्त्याकडेच्या, कार्यालयांपुढच्या, निव्वळ शोभेच्या हिरवळीला 2027 पासून कोलोरॅडो नदीचं पाणी मिळणार नाही. खेळाची मैदानं आणि घरांची अंगणं त्यातून वगळली आहेत. आपल्याला कायदा नको, पण ही विभागणी घेण्यासारखी आहे.

आपलं नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर, वाटेत विंध्याचा चढ चढून येतं. त्या पंपांना वीज एवढी लागते की जलूदच्या 60 मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी महापालिकेने 2023 मध्ये हरित रोखे काढून 244 कोटी रुपये उभे केले. "आमच्या बगीच्याला तर बोरिंगचं पाणी आहे" असं कुणी म्हणेल. पण मे महिन्यात शेजारच्या घरांची बोरिंग दम टाकते, तेव्हा हाही उपसा जमिनीखालच्या त्याच साठ्यातून चाललेला असतो.

आधी बघा, मग मोजा

हे काम फेब्रुवारीत सुरू करा. बगीच्याचा ढोबळ नकाशा कागदावर काढा आणि आठवडाभर सकाळी, संध्याकाळी आणि रविवारी कोण कुठे बसतं, मुलं कुठे खेळतात ते त्यावर टिपा. माळीदादांना विचारायला विसरू नका. कुठल्या कोपऱ्यात कितीही पाणी घातलं तरी गवत पिवळं पडतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. काढण्याजोग्या जागा बहुधा याच निघतात: कुंपणालगतच्या पट्ट्या, उतार, पुतळ्याभोवतीचं गोल, दाट झाडाखालचं विरळ गवत.

एक तुकडा मात्र मुद्दाम राखा. साध्या हरळीचा, नळाजवळ, दोन-तीन चटया मावतील एवढा. आपल्या वस्तीत चतुर्थीला दुर्वा खुडायला येणाऱ्या आजी-काकू असतातच, आणि त्यांचा विरोध ओढवून बगीच्यात काहीही होत नाही. या तुकड्यावर कीटकनाशक नको, सांडपाण्याचं शुद्ध केलेलं पाणीही नको.

पाणी मोजायला श्रीखंडाचे रिकामे, उभ्या कडांचे सहा-सात डबे पुरतात. फवारा फिरतो तिथे ते वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, 15 मिनिटं फवारा चालवा आणि प्रत्येक डब्यात पट्टी बुडवून पाणी किती मिलिमीटर साठलं ते लिहा. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. एका डब्यात दोन मिलिमीटर आणि दुसऱ्यात आठ असं दिसलं, तर हिरवळ काढण्याआधी फवारे दुरुस्त करा. निम्मी उधळपट्टी तिथेच असू शकते.

भर उन्हाळ्यात हिरवळ हिरवीगार ठेवायला दिवसाला साधारण 5 मिलिमीटर पाणी लागतं. 500 चौरस मीटरच्या तुकड्याला रोजचे 2,500 लिटर झाले. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत धरले तर अडीच लाख लिटरच्या वर. बैठकीत भाषण करण्यापेक्षा हा आकडा फळ्यावर लिहा.

परवानगी

बगीचा महापालिकेचा असेल तर उद्यान विभागाच्या लेखी होकाराशिवाय कुदळ लावू नका. रहिवासी संघाचा ठराव, नकाशा आणि पाण्याचा हिशेब जोडून झोन कार्यालयात अर्ज द्या आणि पार्षदांना एकदा जागेवर बोलवा. पहिल्या वर्षी 100-150 चौरस मीटरच मागा.

गवत काढणं

खरी मेहनत इथे आहे, आणि घाई इथेच नडते. हरळी वरून खरवडली तर पहिल्या पावसात दुप्पट जोमाने वर येते. एप्रिलमध्ये पाणी तोडा, पण खणायच्या आदल्या दिवशी जमीन भिजवून घ्या, नाहीतर आपल्या काळ्या मातीवर कुदळ नुसती वाजते. वीतभर खोल खणून काशा, म्हणजे हरळीची जमिनीखाली पसरलेली खोडं, हाताने वेचा. त्या पांढरट, गाठीगाठींच्या असतात आणि तुटलेला बोटभर तुकडासुद्धा पुन्हा फुटतो. म्हणून वेचलेल्या काशा कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. फरशीवर उन्हात कडकडीत वाळवा.

नंतर जमीन सपाट करून पाणी द्या आणि वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडा. काळं प्लास्टिक नको, त्याखाली माती तितकी तापत नाही. मेच्या उन्हात चार ते सहा आठवड्यांत उरलेल्या काशा आणि तणाचं बी बरंचसं भाजून निघतं. लव्हाळा मात्र या उपायाला भीक घालत नाही. त्याच्या गाठी खणूनच काढाव्या लागतात. झाडांच्या सावलीत हा प्रयोग करू नका. तिथे ऊन पोचत नाही आणि मुळांना इजा होते. तिथलं गवत खुरप्याने काढून पालापाचोळा अंथरला की पुरे.

त्या जागी काय?

काँक्रीट नको, पेव्हर ब्लॉकही नकोत. हिरवळ काढून फरशी घालणं म्हणजे पाणी वाचवून पाऊस गटारात सोडणं. वर्षाकाठी साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. तो जमिनीत मुरायला हवा. लोक जिथून जातात तिथे मुरमाची पायवाट करा, तिला दोन्ही बाजूंना हलका उतार द्या आणि उताराच्या पायथ्याशी वीतभर खोल, पसरट खळगा ठेवा. काळी माती पाणी सावकाश पिते, त्यामुळे खळग्यात एखादा दिवस पाणी दिसेल. तीन दिवसांनीही हटलं नाही तर डासांची तक्रार येणारच. मग खळगा उथळ करून जादा पाण्याला वाट काढा.

झाडं जूनअखेरीस, दोन चांगले पाऊस झाल्यावर लावा. उन्हाच्या जागी कोरांटी, अडुळसा, तगर, कण्हेर, कोरफड. खळग्याच्या काठाला वाळा. मागच्या कुंपणाला निर्गुडी आणि रोशा गवत. कण्हेर विषारी आहे, लहान मुलांच्या खेळण्यापासून ती लांबच ठेवा. रोपवाटिकेत "पाणी न लागणारी हिरवी चादर" म्हणून वेडेलिया गळ्यात मारतील, तो घेऊ नका. आजूबाजूचं सगळं गिळतो. शोभेची घाणेरीही त्याच पंगतीतली. पायवाटेलगत गुडघ्याच्या वर वाढणारं काही नको. संध्याकाळी फिरणाऱ्या बायकांना पलीकडचं दिसलं पाहिजे, आणि साप-विंचवाची धास्तीही कमी होते.

रोपांमध्ये चार बोटं जाडीचा पालापाचोळा पसरा, खोडापासून वीतभर दूर. बगीच्यात पडणारी पानं यासाठीच वापरा, गाडीत भरून बाहेर कशाला?

पाणी आणि जुनी झाडं

दुष्काळात तग धरणारं रोपसुद्धा पहिल्या दिवसापासून तग धरत नाही. पहिला उन्हाळा आठवड्यातून एकदा-दोनदा पाणी द्या, दुसरा पंधरवड्यातून एकदा, पुढे क्वचित. ठिबक लावणार असाल तर कमी प्रवाहाचे ड्रिपर घ्या. काळ्या मातीत पाणी आडवं पसरतं. शुद्ध केलेलं सांडपाणी जवळून मिळत असेल तर ठिबकने जरूर द्या. सांडपाणी शुद्ध करून वापरणारं म्हणून 2021 मध्ये देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर इंदूरच ठरलं होतं. तोटीवर 'पिण्याचे पाणी नाही' असं ठळक लिहा आणि ते फवाऱ्याने उडवू नका.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष जुन्या झाडांकडे होतं. वर्षानुवर्षं हिरवळीच्या पाण्यावर वाढलेल्या गुलमोहराची, आंब्याची मुळं वरच्या थरात पसरलेली असतात. हिरवळ गेली की त्यांचंही पाणी तुटतं, आणि मेमध्ये शेंडे वाळायला लागले की सगळे म्हणतात, "बघा, हिरवळ काढली म्हणून झाड गेलं." पहिले दोन उन्हाळे अशा झाडाला महिन्यातून दोनदा, खोडाजवळ नव्हे तर फांद्यांच्या घेराखाली गोल आळं करून, सावकाश भरपूर पाणी द्या. वाचलेल्या पाण्यापुढे हे काहीच नाही.

मोटर किती तास चालली, टँकर किती आले, हे माळीदादांच्या वहीत रोज लिहून ठेवा. पुढच्या फेब्रुवारीत दुसरा तुकडा मागायला जाल तेव्हा अर्जाला तीच पानं जोडा.