पेशंटला वर सरकवताना कंबर सांभाळा

अंथरुणाला खिळलेला पेशंट सारखा पायथ्याकडे घसरतो. काखेत हात घालून ओढलं की त्याचा खांदा दुखतो, आपली कंबर धरते. लातूरला एका आजींकडे कामाला असताना जुन्या सुती लुगड्यानं माझी सुटका केली.

१. लुगड्याची चौपदरी घडी करा. पेशंटला कुशीवर वळवून ती खांद्यापासून मांडीपर्यंत खाली सरकवा.
२. उशी काढा. घरातलं एक माणूस समोर उभं करा, हे काम एकटीनं करूच नका.
३. दोघांनी कडा पेशंटच्या अंगालगत गुंडाळून मुठीत धरा, गुडघे वाकवा, ‘एक, दोन, तीन’ म्हणत एकदम सरकवा.

नंतर लुगड्याची चुणी हातानं नीट काढा. चुणी तशीच राहिली की पाठीला जखमा होतात.