डिफरन्शियल अँप्लिफायर: आधी कागदावर, मग एलटीस्पाइसमध्ये

ईसीजीचा सिग्नल जेमतेम 1 मिलीव्होल्टचा. घरातल्या वायरिंगमुळे अंगावर येणारी 50 हर्ट्झची गुणगुण त्याच्या कैक पट मोठी असते. पण ती दोन्ही हातांवर जवळजवळ सारखीच येते, हृदयाचा सिग्नल मात्र दोन्हीकडे वेगळा. जे सारखं आहे ते गाळायचं आणि जो फरक आहे तो वाढवायचा, एवढंच डिफरन्शियल अँप्लिफायरचं काम. दोन ट्रान्झिस्टर आणि तीन रेझिस्टरमध्ये ते जमतं.

आधी आकडेमोड

एलटीस्पाइस, म्हणजे संगणकावर सर्किट चालवून बघायचं सॉफ्टवेअर, उघडण्याआधी पेन हातात घ्या. उत्तर काय यायला हवं हे माहीत नसेल, तर सिम्युलेटर दाखवेल ते खरं मानण्यावाचून गत्यंतर नसतं.

पुरवठा +12 आणि −12 व्होल्ट. ट्रान्झिस्टर बीसी547बी, लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी कोणत्याही दुकानात मिळतो. ट्रान्झिस्टरला तीन पाय: बेस, कलेक्टर आणि एमिटर. दोघांचे एमिटर एकत्र जोडायचे आणि तिथून एक रेझिस्टर −12 व्होल्टला न्यायचा. हीच ती 'शेपटी'. तिच्यातून 2 मिलीअँपिअर जायला हवेत. दोन्ही बेस शून्यावर असले की एमिटर −0.65 व्होल्टच्या आसपास बसतात, म्हणजे रेझिस्टर 11.35 भागिले 2, साधारण 5.7 किलोओहम. बाजारात मिळणारी जवळची किंमत 5.6.

प्रवाह दोघांत निम्मा-निम्मा वाटला जातो. कलेक्टरलाही 5.6 किलोचेच रेझिस्टर लावले, तर तिथे 6.3 ते 6.4 व्होल्ट उरतात. पुरवठा आणि ग्राउंडच्या साधारण मधोमध, म्हणजे आउटपुटला वर-खाली व्हायला जागा आहे.

आता गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो तो आकडा. 1 मिलीअँपिअरला 26 मिलीव्होल्टने (खोलीच्या तापमानाला ट्रान्झिस्टरचं थर्मल व्होल्टेज) भागलं की 0.0385 येतात, त्याला 5600 ने गुणा आणि एकाच कलेक्टरवरून आउटपुट घेणार असल्याने निम्मं करा. उत्तर सुमारे 108.

सर्किट काढा

डाव्या ट्रान्झिस्टरच्या बेसला एक व्होल्टेज सोर्स, उजव्याच्या बेसला दुसरा, आउटपुट उजव्या कलेक्टरवर. −12 साठी सोर्सचं धन टोक ग्राउंडला जोडा. ग्राउंडचं चिन्ह विसरू नका. आणखी एक खोड सांगून ठेवतो: एलटीस्पाइसला एम लहान लिहा की कॅपिटल, तो मिलीच समजतो. मेगासाठी एम-ई-जी अशी तीन अक्षरं लागतात.

पहिल्यांदा फक्त ऑपरेटिंग पॉइंट, म्हणजे सिग्नल नसतानाचे व्होल्टेज आणि प्रवाह, चालवा. एमिटर आणि कलेक्टरचे आकडे कागदाशी जुळत नसतील तर पुढे जाऊ नका. जोडणीत चूक आहे.

मग डीसी स्वीप. उजवा बेस शून्यावर ठेवून डावा −200 पासून +200 मिलीव्होल्टपर्यंत फिरवा आणि दोन्ही कलेक्टर प्रवाहांचे आलेख एकत्र बघा. मध्ये एकमेकांना छेदणाऱ्या दोन वळणदार रेषा दिसतील. ±100 मिलीव्होल्टला जवळजवळ सगळा प्रवाह एकाच बाजूला गेलेला असतो. त्यापुढे कितीही ढकला, काही वाढत नाही. सरळ रेषा म्हणावी असा पट्टा मध्ये वीसेक मिलीव्होल्टचाच. एवढं एक चित्र नीट पाहिलं की मोठा सिग्नल दिल्यावर साइन वेव्हची डोकी चपटी का होतात हे वेगळं सांगावं लागत नाही.

गेन आणि गाळणी

एसी ॲनालिसिससाठी डाव्या सोर्सला अँप्लिट्यूड 0.5, उजव्याला 0.5 आणि फेज 180. आउटपुट 40 डेसिबेलच्या आसपास येईल, म्हणजे 100 पट. कागदावरच्या 108 पेक्षा थोडं कमी, कारण ट्रान्झिस्टरचा स्वतःचा आउटपुट रोध आपण हिशेबात धरला नव्हता.

आता दोन्ही सोर्सना अँप्लिट्यूड 1, फेज शून्य. आउटपुट −6 डेसिबेल, म्हणजे निम्मं. दोन्हींतला फरक 46 डेसिबेल, हा झाला सीएमआरआर, म्हणजे फरक किती वाढतो आणि सारखं किती गाळलं जातं यांचं गुणोत्तर. ईसीजीसाठी अगदीच तोकडा.

दोष शेपटीचा. तिथला 5.6 किलो काढा आणि जागी करंट मिरर, म्हणजे एका ट्रान्झिस्टरमधल्या प्रवाहाची दुसऱ्यात नक्कल करणारी जोडी, लावा: आणखी दोन बीसी547बी, दोघांचे एमिटर −12 ला, बेस एकमेकांना जोडलेले, एकाचा बेस-कलेक्टर शॉर्ट. काढलेला 5.6 किलो फेकू नका. तोच ग्राउंडपासून या शॉर्ट केलेल्या कलेक्टरपर्यंत लावा. गाळणी पंधराएक डेसिबेलनं सुधारते. ऑपरेटिंग पॉइंट पुन्हा पाहा: प्रवाह 2 मिलीअँपिअरपेक्षा थोडा जास्त भरेल आणि कलेक्टर व्होल्टभर खाली आलेला दिसेल. ही चूक नाही, अर्ली इफेक्ट आहे: कलेक्टर-एमिटरमधलं व्होल्टेज वाढलं की प्रवाहही थोडा वाढतो.

आता मुद्दाम बिघडवा

दोन्ही कलेक्टरमधला फरक आउटपुट म्हणून घेतलात, तर सिम्युलेशनमध्ये सीएमआरआर जवळजवळ अनंत येतो. हुरळून जाऊ नका. स्क्रीनवरचे दोन्ही ट्रान्झिस्टर एकाच मॉडेलचे, शंभर टक्के जुळे; दुकानात तसे मिळत नाहीत. एका कलेक्टरचा रेझिस्टर 1 टक्क्यानं वाढवून 5.656 किलो करा, अनंताची हवा लगेच निघेल. मग एका बेसला 2 मिलीव्होल्ट डीसी द्या. दोन ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटर व्होल्टेजमध्ये एवढा फरक सहज असतो. एका कलेक्टरवरचं आउटपुट सुमारे 0.2 व्होल्टनं सरकलेलं दिसेल.

ब्रेडबोर्डवर याचीच गंमत बघायला मिळते. बेस-एमिटर व्होल्टेज दर अंश सेल्सिअसला साधारण 2 मिलीव्होल्टनं घटतं, आणि एलटीस्पाइस दोघांनाही 27 अंशांवरच धरून बसतो. सर्किट जोडून मीटर आउटपुटला लावा आणि एका ट्रान्झिस्टरवर नुसतं बोट ठेवा. काटा चालायला लागतो. म्हणून दोघांच्या सपाट बाजू एकमेकांना टेकवून वर हीट श्रिंकचा (तापवल्यावर आवळणाऱ्या नळीचा) तुकडा चढवा, म्हणजे दोघांचं तापमान सारखं राहील, मग पुन्हा बोट ठेवून बघा.