लाईव्ह प्रोग्रामसाठी साउंड भाड्याने घेताय? या चुका टाळा

साउंडवाल्याला फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला, किती वॅटचं आहे? वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम कळतो, आणि सांगितलेला आकडा पीकचा (क्षणभराच्या कमाल ताकदीचा) आहे का आरएमएसचा (सतत देता येणाऱ्या ताकदीचा) हे तर कोणी विचारतच नाही. त्यापेक्षा माणसं किती, जागा बंद का मोकळी, शेवटची रांग स्टेजपासून किती लांब हे सांगा. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की साधारण 6 डेसिबल गळतात, म्हणून लांबलचक जागेत पुढचेच स्पीकर वाढवत बसू नका, पुढच्यांचे कान फुटतात आणि मागच्यांना तरीही शब्द कळत नाहीत, तिथे मधे डिले स्पीकरच लागतात, म्हणजे पुढच्या आवाजाशी जुळावं म्हणून किंचित उशिरा वाजणारे जादा स्पीकर.

पण माझ्या मते सगळ्यात वाईट चूक म्हणजे इनपुट लिस्ट, म्हणजे मिक्सरला काय काय जोडायचं त्याची यादी, न देणं. "पाच जणांचा बँड आहे" एवढंच सांगून लोक मोकळे होतात. आता मोजा, ड्रमला किक, स्नेअर, हायहॅट, दोन टॉम, दोन ओव्हरहेड असे 7 माईक, कीबोर्ड स्टिरिओ असेल तर 2 चॅनल, गिटार 1, बेस 1, गाण्याचे 3, झाले की 14! आणि समोर 12 चॅनलचा मिक्सर आला तर ऐनवेळी कोणाला गाळणार? कीबोर्ड आणि बेससाठी डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारी डबी) लागतात, कंडेन्सर माईकला 48 व्होल्टची फँटम पॉवर (मिक्सरकडून माईकच्याच वायरीतून जाणारी वीज) लागते, हे सगळं एका कागदावर लिहा, सोबत कोण कुठे उभं राहणार त्याचं साधं चित्र काढा आणि अ‍ॅडव्हान्स देण्याआधी पाठवा.

मॉनिटर (कलाकारांना स्वतःला ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेले स्पीकर) किती आणि प्रत्येकाला वेगळा मिक्स मिळणार का, हेही तेव्हाच विचारा. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही तर तो सूर कसा धरणार, सांगा ना. मग तो मॉनिटर वाढवायला सांगतो आणि त्याचा आवाज परत माईकमध्ये शिरून शिट्टी सुरू होते. अशा वेळी आधी मॉनिटरची जागा बघा. कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माईक बरोबर मागच्या बाजूने सगळ्यात कमी ऐकतो, सुपरकार्डिऑइड (समोरचंच, पण आणखी अरुंद ऐकणारा) मात्र मागे थोडा बाजूला, समोरून मोजलं तर साधारण 125 अंशांवर, त्यामुळे मॉनिटर तसा सरकवा. माईकची जाळी मुठीत धरायची नाही, मेन स्पीकरच्या पुढे जाऊन गायचं नाही.

घूंऽऽ असा आवाज येत असेल तर एकेक चॅनल म्यूट करत जा, ज्यावर थांबेल तिथली वायर बदला, डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं (सिग्नलच्या वायरीतलं ग्राउंड तोडणारं) बटण दाबून बघा. सगळीकडूनच येत असेल तर लाईट आणि साउंड एकाच लाईनवर आहेत का ते तपासा. प्लगची अर्थिंगची पिन काढून घूं घालवणारे भेटतात, त्यांना तिथेच थांबवा, गिटार हातात आणि ओठ माईकला लागले की शॉक बसू शकतो, जीव जाऊ शकतो.

आवाज फाटतोय? फेडर (मिक्सरवरचा आवाजाचा सरकता दांडा) नाही, आधी गेन (चॅनलमध्ये येणारा सिग्नल किती वाढवायचा ते बटण) कमी करा.

वायरलेस माईक 2.4 गिगाहर्ट्झचे असतील तर रिकाम्या हॉलमध्ये मस्त चालतात, गर्दी आली, सगळ्यांच्या खिशातले वायफाय-ब्लूटूथ चालू झाले की तुटायला लागतात. म्हणून मुख्य गायकासाठी एक वायरचा माईक तयार ठेवाच.

कोटेशनमध्ये इंजिनिअर, वाहतूक, जोडणी, जास्तीच्या वायरी, उशीर झाल्यास लागणारे पैसे हे सगळं लिहून घ्या. साउंडचेकची वेळ पण त्यातच टाका, प्रेक्षक आत यायच्या बऱ्याच आधीची. दोन-तीन बँड असतील तर शेवटी वाजवणाऱ्यांचा चेक आधी करा आणि सुरुवात करणाऱ्यांचा सगळ्यात शेवटी, म्हणजे त्यांचं सामान स्टेजवर तसंच राहतं, आणि डिजिटल मिक्सर असेल तर प्रत्येक बँडचा सीन (सगळी सेटिंग्ज) सेव्ह करून घ्यायला सांगा.